जुन्या पीसीला नवी डिस्क: आधी वाट बघा, मग खरेदी करा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस असो, सुताच्या व्यापाऱ्याची पेढी असो की घरातला पोरांचा पीसी, तक्रार ठरलेली: "कॉम्प्युटर लई स्लो झालाय." त्यावरचा सल्लाही ठरलेला: "एसएसडी टाक." एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच आहे. कोणती एसएसडी, कोणत्या पोर्टला, कोणत्या केबलने, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डातल्या सेटिंगच्या पडद्यावर) काय बघायचं, हे सांगायला कुणी थांबत नाही. मग दुकानदार काउंटरवर विचारतो, "अण्णा, साटा देऊ का एनव्हीएमई?" आणि आपण गप्प, कारण या डिस्कशी बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत हेच ठाऊक नसतं.

ऑफिसातली आणि ओळखीपाळखीतली मशिनं उघडून बघायची मला सवय आहे. 'डिस्क गेली' म्हणून जी मशिनं समोर येतात, त्यातल्या बऱ्याच वेळा डिस्क ठणठणीत असते. गडबड असते ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर: ढिली केबल, चुकीचा पोर्ट, बायोसमधली एखादी सेटिंग. म्हणून या लेखात डिस्कपेक्षा वाटेबद्दल जास्त सांगतोय. सगळं विंडोजच्या पीसी-लॅपटॉपला धरून आहे.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉपसाठी त्याचाच बारका भाऊ
- साटा डेटा केबल (डेस्कटॉपला, २.५ इंची एसएसडीच्या खोक्यात बहुधा केबल नसते)
- यूएसबी टू साटा केबल किंवा केसिंग (डिस्क आत घालून यूएसबीला लावायची डबी)
- विंडोजसाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह
- बॅकअपसाठी वेगळी एक्स्टर्नल डिस्क
- मऊ कोरडा ब्रश
- जीएसटी बिल, आणि डिस्कवरच्या सीरियल नंबरचा फोटो
- बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, कागदावर लिहून
- टॅली वापरत असाल तर लायसन्सचा सीरियल नंबर आणि लॉगिन

शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. त्यांच्याबद्दल पायरी ४ मध्ये बोलू.

पायरी १: आपल्या बोर्डावर कोणती वाट आहे ते बघा

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. त्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बोर्डाचं मॉडेल असतं. लॅपटॉपचं मॉडेल खालच्या स्टिकरवर सापडतं. ते नाव कंपनीच्या साइटवर टाकून स्टोरेजची माहिती वाचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानातला अर्धा गोंधळ इथेच मिटतो. तुम्हाला यातलं काहीतरी दिसेल:

आयडीई: रुंद, चपटी, ४० पिनांची पट्टी. फार जुना बोर्ड. यात पैसे घालू नका, पुढचं वाचायचीही गरज नाही. डेटा काढून घ्या आणि मशीन सोडा.

साटा: एल आकाराचा छोटा पोर्ट. डेटाला ७ पिनांची केबल आणि वीजपुरवठ्याला १५ पिनांची वेगळी. २००३ पासून चालत आलेली ही वाट आजही बहुतेक डेस्कटॉपांवर आहे.

एम.२: बोर्डावरच आडवी झोपणारी च्युइंगगमच्या पाकिटाएवढी पट्टी. बहुतेकदा २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब.

सगळ्यात जास्त फसगत या एम.२मध्ये होते. एम.२ हा फक्त खाचेचा आकार आहे. त्या खाचेतून बोर्ड डिस्कशी साटाच्या पद्धतीने बोलतो की पीसीआय एक्सप्रेसवरून एनव्हीएमईच्या पद्धतीने, हे आकारावरून कळत नाही. काही खाचा दोन्ही घेतात, काही एकच. एनव्हीएमईचीच खाच असेल आणि तुम्ही साटाची एम.२ आणली, तर ती अगदी फिट बसेल, स्क्रूही लागेल, आणि दिसणार मात्र नाही. दुकानात कुणी म्हणेल, "पट्टीच्या टोकाला दोन कट असले की साटा, एक कट असला की एनव्हीएमई." बहुतेकदा ते खरं निघतं, पण दोन कटांच्या एनव्हीएमईही बाजारात आल्या आहेत. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय, तेच खरं धरा.

तिथेच आणखी एक ओळ शोधा. काही बोर्डांवर एम.२ खाच भरली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो, कारण दोघांची लाइन सामाईक असते. नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, तर आधी इथे बघा.

पायरी २: वेग कुठे अडतो ते समजून घ्या

फाइल उघडली की विंडोज आधी फाइल सिस्टिमला विचारतं, ही फाइल कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे. डिस्कला फाइल, फोल्डर, नाव यातलं काही कळत नाही. तिच्यासाठी सगळी जागा म्हणजे ओळीने नंबर दिलेले ब्लॉक. 'अमुक नंबरपासून इतके ब्लॉक दे' असा हुकूम ड्रायव्हर कंट्रोलरला देतो, कंट्रोलर तो केबलवरून पाठवतो, आणि डिस्क डेटा परत पाठवते.

हार्ड डिस्कमध्ये हा हुकूम पाळायला एक हात खरोखर हलतो. साध्या मागावरचा धोटा जसा सारखा इकडून तिकडे पळतो, तसा तो हात चकतीवर आत-बाहेर पळत असतो. हात जागेवर पोचला तरी हवा तो ब्लॉक फिरत खाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, सरासरी वाट बघणं ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. एक मोठी सलग फाइल असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी आरामात देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली ठिकठिकाणहून लागतात, आणि तिथे तीच डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबीवर येते. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, म्हणून सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

आता वाटेचा वेग. साटाची तिसरी पिढी सेकंदाला ६ गिगाबिटची. ८ बिट डेटा पाठवायला साटा तारेवर १० बिट खर्च करतं, म्हणून ६ गिगाबिटला थेट १० ने भागा: ६०० एमबी. प्रत्यक्षात ५५०च्या आसपास मिळतात. दुसरी पिढी याच्या निम्मी. सेकंडहँड बाजारात भरपूर फिरणाऱ्या एच६१ चिपसेटच्या बोर्डांवर चिपसेटचे साटा पोर्ट याच दुसऱ्या पिढीचे आहेत. तिथे ५५०ची एसएसडी २७०-२८० देईल. म्हणून एसएसडीला नावं ठेवू नका. आणि तिथेही ती जरूर टाका, कारण बारक्या फाइलींचा फायदा तसाच मिळतो.

एनव्हीएमईची वाट वेगळी. पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन थेट वापरल्या जातात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत, चौथ्या पिढीवर सात हजारांपर्यंत वेग जातो. साटाच्या मागे असलेली एएचसीआय पद्धत हार्ड डिस्कच्या जमान्यातली. तिच्यात हुकुमांची एकच रांग आणि त्या रांगेत जास्तीत जास्त ३२ हुकूम. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईत हजारो रांगा ठेवायची सोय आहे, त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळू शकते.

माझं मत स्पष्ट सांगतो: टॅली, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, त्याच्या पावपट फरकही साटावरून एनव्हीएमईवर जाताना जाणवत नाही. जकार्डच्या मोठ्या डिझाइन फाइली किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर गोष्ट वेगळी. नव्या बोर्डावर एनव्हीएमईच घ्या, कारण किमतीत आता फार अंतर नसतं. जुन्या बोर्डावर अडॅप्टर लावून एनव्हीएमई घुसवायचा हट्ट मात्र करू नका. २०१४च्या आधीचे बहुतेक बोर्ड त्यावरून विंडोज सुरूच करू शकत नाहीत.

पायरी ३: खरेदी

नवी पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल पक्कं घ्या. वॉरंटी बहुधा तीन किंवा पाच वर्षांची असते आणि ती सीरियल नंबरवर चालते. बदलून द्यायचं काम सोलापुरात होतं की डिस्क पुण्याला पाठवावी लागते, हे पैसे देण्याआधी विचारा.

नाव न ऐकलेला ब्रँड आणि अशक्य स्वस्त '२ टीबी' पेनड्राइव्ह दिसला तर हात लावू नका. त्यातली चिप विंडोजला २ टीबी असं खोटं सांगते, आत जागा असते ३२ किंवा ६४ जीबी. भरत जाल तसा जुना डेटा चिरडला जातो आणि कॉपी करताना एरर येतच नाही. शंका असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण जागा लिहून, परत वाचून खरं काय ते दाखवतं.

१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

पायरी ४: बॅकअप आणि कुलपं

क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायचं असो की नव्याने विंडोज टाकायचं, आधी महत्त्वाचा डेटा तिसऱ्या जागी कॉपी करा. कॉपी करताना एक्स्टर्नल डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. शंभर जीबीच्या डेटाला यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीने पाऊण तासाहून जास्त लागतो, यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्कही तेच पंधरा मिनिटांत उरकते. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट टाळा. आतली लांब वायर बऱ्याचदा हलक्या दर्जाची असते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात.

बिटलॉकर: नव्या लॅपटॉपांवर तो आपल्याला न विचारताही चालू झालेला असू शकतो. डिस्क काढून दुसरीकडे लावली किंवा बायोसमध्ये बदल केला की तो ४८ आकड्यांची की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आताच बघून लिहून घ्या.

टॅली: लायसन्स त्या मशिनला बांधलेलं असतं. नव्याने विंडोज टाकणार असाल तर जुनी डिस्क चालू आहे तोवर टॅलीतून लायसन्स सरेंडर करा, नव्यावर परत चालू करा. डेटा फोल्डरचा बॅकअप वेगळा. मार्चएंडच्या आठवड्यात हा उद्योग काढू नका, एवढं ऐका.

क्लोनसाठी नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली तरी चालते, फक्त भरलेला डेटा तिच्यात मावला पाहिजे. जुन्या डिस्कमध्ये खराब सेक्टर असतील तर क्लोन मध्येच अडकतो. तेव्हा नवं विंडोज टाकणं बरं.

पायरी ५: प्रत्यक्ष जोडणी

पीसी बंद करा, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा, अंगातली स्टॅटिक वीज जाते.

आता आपल्या गावची खास गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाच्या शेजारी ठेवलेला पीसी उघडला की बोर्डावर सुताच्या तुसाचा करडा थर दिसतो. पंख्यावर तो दिसतोच, पण साटा पोर्टच्या आतल्या जिभेवरही बारीक तूस बसलेलं असतं. केबल तशीच दाबली की ते आत चेपलं जातं आणि संपर्क अर्धवट राहतो. आधी ब्रशने ते काढा. ब्लोअर वापरणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, मोकाट फिरू देऊ नका.

साटा केबल एल आकार बघून सरळ ढकला. क्लिपवाली केबल घ्या, बिनक्लिपची थरथराटाने निसटते. कारखान्यात थरथराट असतोच.

जुन्या एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) साटाचं पॉवर कनेक्शन नसेल तर दुकानदार मोलेक्स टू साटा असा कन्व्हर्टर देतो. त्यात प्लास्टिक ओतून बंद केलेला गुळगुळीत प्रकार घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना भिडून जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा मागून एकेक दाबून बसवलेला दिसतो, तो प्रकार घ्या.

एम.२ पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात खाचेत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि बोर्डाच्या खोक्यात राहून जातो. सेकंडहँड बोर्ड घेताना तो मागून घ्या. पट्टी बसते त्या जागी खाली पितळी पाया आहे ना, तेही बघा. पाया नसताना स्क्रू आवळला तर पट्टी वाकते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो, तेव्हा एनव्हीएमई तापून स्वतःचा वेग कमी करते. बोर्डासोबत हीटसिंक आला असेल तर लावा, आणि त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची फिल्म आधी काढा.

पायरी ६: बायोस

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा. इथे नवी डिस्क नावाने दिसली पाहिजे. इथेच दिसत नसेल तर विंडोजमध्ये शोधून उपयोग नाही, पायरी ८ ला जा.

दिसली, तर साटा मोड बघा: आयडीई, एएचसीआय, रेड यातलं एक असेल. नव्याने विंडोज टाकणार असाल तर एएचसीआय ठेवा. विंडोज आधीच टाकलेलं असताना हा मोड बदलू नका. सुरू होताना लागणारा ड्रायव्हर बदलतो आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन येऊ शकते. आली तर घाबरू नका, मोड पूर्वीसारखा केला की गाडी रुळावर येते. काही नव्या लॅपटॉपांवर विंडोज टाकताना एनव्हीएमई दिसतच नाही. तिथे इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन बसावं लागतं.

शेवटी बूट ऑर्डरमध्ये नवी डिस्क वर आणा.

पायरी ७: विंडोजमध्ये डिस्क वापरात आणा

दुसरी डिस्क म्हणून लावली असेल तर 'धिस पीसी'मध्ये ती लगेच दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. कोरी डिस्क 'इनिशियलाइझ' करायला सांगेल. जीपीटी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत ब्लॉकचा नंबर ३२ बिटांत लिहितात आणि ब्लॉक ५१२ बाइटचा, त्यामुळे २ टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. टीव्हीला किंवा मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, गड्डा जत्रेतला लांबलचक व्हिडिओ कॉपी करताना हे कळतं.

हे ठळक अक्षरांत वाचा: डेटा असलेली जुनी डिस्क लावल्यावर विंडोज 'इनिशियलाइझ करा' किंवा 'फॉरमॅट करा' म्हणालं, तर कॅन्सल. विंडोजला रचना वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. डेटा आत असू शकतो. होय म्हणालात की वाचवायचं काम कितीतरी पट अवघड होतं.

पायरी ८: डिस्क दिसत नाही

घाईने नवी डिस्क आणू नका. याच क्रमाने जा:

१. वीज. हार्ड डिस्कवर हात ठेवा, फिरल्याची हलकी थरथर जाणवते का? नसेल तर पॉवर केबल बदला. टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. डेटा मोलाचा असेल तर ती रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

२. डेटा केबल. दुसऱ्या चालू डिस्कची केबल लावून बघा.

३. पोर्ट. बोर्डावरचा दुसरा साटा पोर्ट. बायोसमध्ये तो पोर्ट बंद तर नाही ना?

४. दुसरं मशीन. यूएसबी टू साटा केबलने लॅपटॉपला लावा.

५. ड्राइव्ह लेटर. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन निळं दिसतंय पण अक्षर नाही, तर फक्त अक्षर द्या. डिस्क 'ऑफलाइन' असेल तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा.

डिस्क दिसते पण अडखळते, तेव्हा 'क्रिस्टलडिस्कइन्फो' टाका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती हे दाखवतं. ०५ म्हणजे रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब ठरवून बदललेले), सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे). हे आकडे वाढत असतील तर डिस्क खरोखर चालली आहे, आधी डेटा काढा. पण सी७, म्हणजे सीआरसी एरर, एकटाच वाढत असेल तर डेटा वाटेत खराब होतोय आणि दोष बहुधा केबलचा. शे-दीडशेच्या केबलवर भागेल तिथे लोक हजारोंची डिस्क बदलून येतात, ते या एका ओळीकडे न बघितल्यामुळे. केबल बदलली तरी हा आकडा शून्यावर येत नाही. आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा, वाढला नाही तर काम झालं.

पायरी ९: जुन्या डिस्कचं काय

लॅपटॉपची २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, म्हणून साध्या यूएसबी केसिंगमध्ये बसते. डेस्कटॉपच्या ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, तिच्यासाठी स्वतंत्र अडॅप्टरचं केसिंग घ्या. यूएसबी २ पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर तिला वीज पुरत नाहीये. मागचा निळा पोर्ट वापरा.

काढताना 'सेफली रिमूव्ह' कराच. कॉपी संपल्याचं दिसलं तरी शेवटचा डेटा कधीकधी डिस्कच्या किंवा विंडोजच्या कॅशमध्येच (तात्पुरत्या साठवणीत) असतो. याच कारणाने ऑफिसच्या पीसीला यूपीएस हवा. लाइट गेली की कॅशमधलं सगळं गेलं.

जुनी हार्ड डिस्क विकणार असाल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका, त्यात डेटा तसाच राहतो. 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, तेव्हा सगळी जागा शून्यांनी भरली जाते. १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. सुरूच न होणारी डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी ड्रिलने चकत्यांना आरपार भोकं पाडा. २.५ इंचीतल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा घालूनच ड्रिल हातात घ्या.